दिवाळीतलं देणं: फराळाची पाकिटं, जुने कपडे की रोख पैसे?

पूर्वा_पर्वती

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या विषयावरून इतकी धुमश्चक्री झाली की शेवटी इथे आले. इथे निदान लोक परिच्छेद पाडून भांडतात.

तर विषय असा. आमच्याकडे दिवाळीआधी वर्गणी काढतात. ऐच्छिक असते, तरी सत्तर-पंचाहत्तर हजार जमतात. त्यातून फराळाची पाकिटं, साड्या, मुलांचे कपडे घ्यायचे, घरोघरचे जुने कपडे गोळा करायचे आणि वेल्ह्याच्या बाजूला एका कातकरी वाडीवर जाऊन वाटायचे. सकाळी निघून दुपारी परत. यंदा हे काम माझ्या गळ्यात पडलंय. (कमिटीच्या मीटिंगला उशिरा पोचणाऱ्याचं असंच होतं.)

मागच्या वर्षीचा हिशेब काढून बसले. टेम्पो, डिझेल, आपल्याच लोकांचा नाश्ता-जेवण आणि बॅनर यातच बारा-तेरा हजार गेलेत. नुसत्या बॅनरला अठराशे! उरलेल्या पैशांतून वाडीतल्या एका घराच्या वाट्याला जे येतं, ते भाऊबीजेपर्यंत संपत असणार. मी म्हटलं, यंदा सरळ एखाद्या संस्थेला पैसे देऊ. लगेच निम्मे लोक म्हणाले, "मग त्यात दिवाळी कुठे राहिली? आपल्या मुलांना देण्यातला आनंद कळायला नको?" हेही अगदीच टाकाऊ म्हणणं नाही, म्हणून अडकलेय.

तुमच्याकडे काय करतात? संस्थांमध्ये काम करणारे कुणी असतील तर त्यांनी जरूर लिहा. आणि 'दान सत्पात्री असावं' छापाची सुभाषितं नकोत प्लीज, ती रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट येतात.

नाना_सातारकर

रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर.

रानजाई

पालघर जिल्ह्यात एका छोट्या संस्थेच्या वसतिगृहात काम करते. नाव लिहीत नाही, कारण पुढचं वाचून आमच्या देणगीदारांना वाईट वाटेल.

दिवाळीआधीचे दोन रविवार आमचे वर्षातले सगळ्यात दमवणारे दिवस. एकेका दिवशी दोन-तीन ग्रुप येतात. प्रत्येकाला मुलं आंघोळ करून रांगेत बसलेली हवी असतात. मग प्रार्थना, एखादं गाणं, पाहुण्यांचं भाषण, फराळ, फोटो. तिसऱ्या ग्रुपच्या वेळी मुलांना चिवडा समोर बघवत नाही, पण खाल्ला नाही तर पाहुणे हिरमुसतात, म्हणून आम्हीच डोळ्यांनी दटावतो. लाडवांची खोकी कपाटावर, कपाटाखाली, ऑफिसात. मुंग्या आमच्याइतकी दिवाळी कुठेच साजरी करत नसतील.

खऱ्या दिवाळीत तर मुलं आमच्याकडे नसतातच. सुट्टी लागते, ती पाड्यावर घरी जातात. तरी फोन येतात की आम्ही लक्ष्मीपूजनाला यायचं म्हणतोय, वीस-पंचवीस मुलं थांबवून ठेवाल का? म्हणजे पोरांनी आईबापाकडे जायचं सोडून लाडू घ्यायला थांबायचं.

या मुलांच्या घरी दिवाळी नसते असं शहरातल्या लोकांना का वाटतं, कोण जाणे. वारली, कोकणा, महादेव कोळी यांच्याकडे वाघबारस असते, वाघदेवाची पूजा होते. काकडी तांदळाच्या पिठात कालवून पानात उकडतात. भाताची कापणी चालू असते. वर्षात ज्या थोड्या दिवसांत घरात धान्य असतं, त्यातले हे दिवस. आपण नेमके तेव्हाच डबे घेऊन पोचतो.

आम्हाला काय लागतं ते सांगते. जूनमध्ये वह्या आणि रेनकोट. पावसाळ्यात खरजेची औषधं आणि वाळतील अशा चादरी. वर्षभर स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, गृहपालाचा पगार, वीजबिल. गेल्या वर्षी बोअरची मोटर जळली, ती रिवाइंड करून आणायला आम्ही कुणाकुणाकडे पैसे मागितले ते आठवत नाही. मोटरबरोबर फोटो चांगला येत नाही ना! "आमचे पैसे पगारात जाऊ नयेत" असं पावतीवर लिहून घेणारेही आहेत. मुलांना रोज दोन वेळा जेवायला कोण घालतं असं त्यांना वाटतं?

पूर्वाताई, तुमच्यासारखं आधी विचारणारे फार कमी, म्हणून एवढं लिहिलं.

कोल्हापुरी_तडका

रानजाई, दंडवत घ्या.

जुन्या कपड्यांबद्दल मी लिहितो. २०१९ च्या पुरात आमच्या भागात राज्यभरातून टेम्पो आले. मदत प्रचंड झाली, ते विसरणार नाही. पण कपड्यांचं काय झालं? चेन तुटलेल्या जीन्स, एकेकटे मोजे, ओढणी नसलेले ड्रेस, लग्नातला जरीचा घागरा. ज्या बाईचं घर चिखलानं भरलंय तिनं घागरा घालून चिखल उपसायचा? पसंत न पडलेले कपडे तसेच ढिगानं पडले, पावसात भिजले, शेवटी ते उचलायचं काम आमच्याच पोरांवर आलं. त्या वेळी पाहिजे होतं नवीन अंतर्वस्त्र, सॅनिटरी नॅपकिन, खराटे, फिनेल, जनावरांना वैरण.

कपडे द्यायचेच असतील तर निवडून, धुऊन, इस्त्री करून, बटण लावून द्या. आणि ज्यांची ती यंत्रणाच आहे त्यांना द्या. गूंज ही संस्था १९९९ पासून हेच काम करते आहे. तिथं कपडे छाटले जातात, दुरुस्त होतात, आणि गावात विहीर खणणं, रस्ता करणं असल्या कामाच्या बदल्यात दिले जातात. घेणाऱ्याला हात पसरावा लागत नाही. आमच्याकडं कोल्हापुरात दिवाळीच्या सुमारास माणुसकीची भिंत असते, तिथंही लोक स्वतः बघून, मापाचं निवडून नेतात. दारात नेऊन गठ्ठा टाकण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

घर आवरायला काढलंय म्हणून दान करायचं, ही साफसफाई झाली राव.

अभय_डोंबिवली

थोडा विरोधी सूर लावतो. सगळे मिळून फराळ वाटणाऱ्यांना फारच झोडपताय.

मी पहिल्यांदा कर्जतच्या बाजूच्या कातकरी वाडीवर गेलो तो असाच, ऑफिसच्या ग्रुपबरोबर, करंज्या वाटायला. बॅनर होता, फोटो होते, सगळं होतं. पण गेलो म्हणून दिसलं. एका बाईकडे रेशनकार्ड नाही, मुलाच्या शाळेत जातीचा दाखला मागतात आणि तो काढायला पुरावा नाही. कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अति असुरक्षित आदिम जमातींपैकी एक, बाकीच्या दोन कोलाम आणि माडिया गोंड. योजना यांच्यासाठी भरपूर आहेत, पण त्यांच्यापर्यंत पोचायला कागद लागतात आणि कागदच नसतात. तेव्हापासून आम्ही चार जण दाखल्यांच्या मागे लागलो. तहसील कार्यालयात खेटे घालणं हे फराळ वाटण्याइतकं गोड काम नाही, पण करंज्या नसत्या तर आम्ही तिथे गेलोच नसतो.

तेव्हा मुलांना न्यायला माझी काही हरकत नाही. फक्त त्यांना वाटणारे म्हणून नेऊ नका.

आणि पूर्वा, कातकरी वाडीबद्दल एक महत्त्वाचं. दिवाळीच्या सुमारास त्यातली बरीच कुटुंबं वीटभट्टीवर किंवा कोळशाच्या भट्टीवर जायच्या तयारीत असतात. मालकाकडून उचल घेतलेली असते, म्हणजे हातात थोडा पैसा असतो. दिवाळी झाली की निम्मी वाडी रिकामी. परत येतात पावसाच्या तोंडावर. भट्ट्या बंद, उचल फेडून हातात काही उरलेलं नसतं आणि घराचं छप्पर सहा महिने बेवारस. खरी ओढगस्त जून ते ऑगस्ट. त्या काळात मी तरी कुणाचा टेम्पो वाडीवर आलेला पाहिला नाही.

पूर्वा_पर्वती

अभय, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. सोसायटीत तर नाहीच नाही. रानजाईंचं जून आणि तुमचं जून एकच निघालं की.

म्हापश्याची_मेधा

आमच्या गोव्यात वर्गणी नरकासुराला जाते. रात्रभर डीजे लावून नाचवायचा आणि पहाटे जाळायचा. तुमचे सत्तर हजार निदान माणसांवर खर्च होतात, त्यातच समाधान माना. :)

बीडचा_बाळू

अभयभाऊ, वीटभट्टीचं तुम्ही सांगितलं, तेच आमच्याकडं ऊसतोडीचं. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या भरायला लागतात. नवराबायकोचा मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी, उचल आधीच अंगावर. लेकरं एक तर बरोबर जातात, नाहीतर आजीजवळ राहतात. मागं राहणाऱ्या लेकरांसाठी गावात हंगामी वसतिगृहं असतात, पण वेळेवर सुरू होतीलच असं नाही. आजी थकलेली असती. भाऊबीज झाली अन् आईबाप गेले की पुढचं पाच महिने हे लेकरू कुणाच्या जीवावर, हा प्रश्न.

पुण्या-साताऱ्याकडच्या लोकांना लांब जायचीही गरज नाही. कारखान्याच्या आसपास पालं ठोकून बसलेली ती आमचीच माणसं. नोव्हेंबर-डिसेंबरात थंडी पडती, पहाटे तीनला फडात जायचं असतं. सोलर कंदील द्या, बारक्यांना स्वेटर द्या, बाया-लेकरांसाठी फिरत्या दवाखान्याचा खर्च द्या. चकली आमची आई पण करती.

रक्तगट_बी_पॉझिटिव्ह

पैसे सोडून एक गोष्ट सुचवते. मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. दिवाळीच्या सुट्टीत आणि मे महिन्यात आमच्याकडे हमखास तुटवडा असतो, कारण शिबिरं कॉलेज आणि ऑफिसांमधून होतात आणि ती बंद. थॅलेसेमिया या रक्ताच्या आजाराच्या मुलांना मात्र दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतंच, त्याला दिवाळी नाही. प्लेटलेट तर पाच दिवसांपेक्षा जास्त ठेवताच येत नाहीत, त्यामुळे सप्टेंबरातल्या मोठ्या शिबिराचा दिवाळीत काही उपयोग नसतो.

सोसायटीच्या हॉलमध्ये पाडव्याच्या आधी छोटं शिबिर घ्या. वय १८ पूर्ण, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा. पुरुषांना तीन महिन्यांनी, स्त्रियांना चार महिन्यांनी परत देता येतं. मात्र एकदम दोनशे बाटल्यांचा विक्रम करायला जाऊ नका. चाळीस मिळाल्या आणि पुढच्या चाळीस दीड महिन्याने मिळाल्या तर आम्ही तुमचे जास्त आभार मानू.

नाना_सातारकर

आलो. आधी सगळे प्रतिसाद वाचून काढले.

फोटो-बॅनरवर इथे बरीच आगपाखड झाली आहे, ती योग्यच आहे. मला सांगायचंय ते जरा जुनं. आमच्या लहानपणी दिवाळीत एक गृहस्थ दारी यायचे, खांद्याला पिशवी, हातात पावतीपुस्तक. हिंगण्याच्या कर्व्यांच्या संस्थेची भाऊबीज. १८९६ मध्ये अण्णा कर्व्यांनी विधवा आणि अनाथ मुलींसाठी काम सुरू केलं, १९०० साली ते हिंगण्याच्या माळावर झोपडीत नेलं. तिथल्या मुलींना घरोघरच्या लोकांनी भाऊबीज घालायची, अशी ही योजना. आमची आई पाच रुपये द्यायची आणि पावती देवाजवळच्या डब्यात ठेवायची. त्या मुली आम्ही कधी पाहिल्या नाहीत. त्यांनी आमच्यासमोर गाणं म्हणावं असं आईच्या स्वप्नातही आलं नसेल.

रयत शिक्षण संस्थेचंही तसंच. १९१९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी ती काढली. वसतिगृहातल्या पोरांना जेवायला घालायचं म्हणजे धान्य हवं. तेव्हा मुष्टिफंड. बायकांनी दळण करताना रोज एक मूठ बाजूला काढायची, संस्थेचा माणूस येऊन घेऊन जाणार. देणारी स्वतः गरीब होती, हे लक्षात घ्या. आणि एकदा वसतिगृहात शिधा संपला तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतःचं मंगळसूत्र काढून दिलं, ते साताऱ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. त्याही आधी अंताजी दामोदर काळे यांचा पैसा फंड होता. माणशी वर्षाला एक पैसा, बस्स. त्यातून १९०८ मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला!

या सगळ्यांत रक्कम क्षुल्लक होती, पण ती नेमाने येत होती, आणि ती कशावर खर्च करायची हे संस्था ठरवत होती. पोरांना शिक्षक लागतो की लाडू, हे कर्मवीरांना आपल्यापेक्षा जास्त कळत होतं. रानजाईबाईंना त्यांच्या मोटरसाठी भीक मागावी लागते, कारण आपण रक्कम देतो आणि ती कशावर खर्चायची याचा हट्टही त्याबरोबर देतो.

पूर्वाबाई, तुमच्या पंचाहत्तर हजारांतून दरमहा सहा हजार निघतात. ते एका स्वयंपाकिणीच्या पगाराला हातभार म्हणून वर्षभर लावा.

सुमन_आजी

सगळ्यांचं वाचलं. चांगलं लिहिता रे पोरांनो. पण सोसायटीत झाडझूड करणारी, कचरा उचलणारी, वॉचमन, तुमच्या घरात भांडी घासणारी, यांना दिवाळीची पोस्त किती देता ते आधी सांगा बघू.

आमच्या बिल्डिंगमध्ये सफाईवाले कंत्राटदाराचे. बोनस कंत्राटदार देईल म्हणून कमिटी हात झटकते, आणि कमिटीने रेट पाडला म्हणून कंत्राटदार देत नाही. कामाला येणाऱ्या बाईला एक साडी आणि मिठाईचा अर्धा किलोचा पुडा. ती साडीही कुणीतरी आपल्याला दिलेली, आवडली नाही म्हणून कपाटात पडलेली! एक महिन्याचा पूर्ण पगार पोस्त म्हणून द्यायचा, हा माझ्या सासूबाईंचा नियम होता, मी मोडलेला नाही. भाऊबीजेची सुट्टीही भरपगारी. तिलाही भाऊ आहेत. हे झाल्यावर मग वेल्ह्याला जा, नाहीतर जव्हारला जा.

मायमराठी_मिलिंद

आजी, एकच नंबर. आमच्या ग्रुपवर चिकटवतो, तुमचं नाव न टाकता.

बे_एरियातला_बंडू

इथे अमेरिकेत थँक्सगिव्हिंगनंतरचा मंगळवार ते ३१ डिसेंबर, हाच देण्याचा हंगाम. मंगळवाराची पद्धत २०१२ पासूनची. डिसेंबरअखेर इतकी गर्दी का? करवर्ष संपतं म्हणून! दुकानांबाहेर लाल किटली टांगून घंटा वाजवणारे लोक दिसतात, ती साल्व्हेशन आर्मीची प्रथा आमच्या सॅन फ्रान्सिस्कोतच १८९१ साली सुरू झाली, गरिबांच्या ख्रिसमसच्या जेवणासाठी. आणि इथल्या फूड बँकाही दरवर्षी कळवळून सांगतात की कॅन आणू नका, पैसे द्या, आम्ही घाऊक भावात जास्त अन्न घेऊ शकतो. लोक तरी कॅनच आणतात, तेही मुदत संपत आलेले. तेव्हा ही खोड काही आपलीच नाही.

माझा प्रश्न: आम्ही मंडळातले काही जण मिळून रानजाईंच्या संस्थेला पैसे पाठवू इच्छितो. थेट पाठवता येतील का?

सीए_सुखदा

बंडू, तुमच्यापैकी कुणाकडे कुठला पासपोर्ट आहे त्यावर अवलंबून. भारतीय पासपोर्ट असेल तर तुम्ही स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परदेशी देणगी धरली जात नाही. अमेरिकन नागरिकत्व घेतलं असेल, ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असलं तरी, तुम्ही कायद्याने परदेशी स्रोत. मग संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखालची, नोंदणी हवी आणि पैसे स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरावीक खात्यातच आले पाहिजेत. नोंदणी नसताना एखाद्याने प्रेमाने शंभर डॉलर पाठवले तरी संस्था अडचणीत येते. त्यामुळे मंडळाची एकत्र रक्कम नको, आधी संस्थेला विचारा.

इथल्या लोकांसाठी ८०जी, म्हणजे देणगीवरच्या आयकर वजावटीबद्दल, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. फराळ, कपडे, धान्य अशा वस्तूंवर वजावट नाही. रोख २,००० रुपयांपेक्षा जास्त दिली तर नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर अजिबातच नाही. संस्थेने नुसती पावती देऊन भागत नाही, तिने आयकर खात्याकडे विवरण भरल्यावर मिळणारं १०बीई प्रमाणपत्र मागा. आणि पूर्वा, सोसायटीच्या खात्यातून एकच चेक गेला तर पावती सोसायटीच्या नावे येईल, सभासदांना वजावट मिळणार नाही. ज्यांना ती हवी आहे त्यांनी संस्थेला आपापल्या खात्यातून, पॅन देऊन पैसे पाठवावेत.

संस्था निवडताना धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षण अहवाल मागा. चांगल्या संस्था ते विचारल्यावर खूश होतात.

काळा_कोट

फोटोंबद्दल कायद्याचा मुद्दा राहिलाय. बालगृहातल्या, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख पटेल असं काहीही प्रसिद्ध करायला बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७४ ने मनाई आहे. नाव, शाळा, पत्ता, फोटो, सगळं आलं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फेसबुकवर 'अनाथ चिमुकल्यांसोबत दिवाळी' टाकणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं? संस्थांनीही दारावर पाटी लावून ठेवावी.

पूर्वा_पर्वती

सर्वांचे आभार. काल रात्री कमिटीची मीटिंग झाली, तिचा वृत्तान्त.

त्याआधी वाडीवरच्या आशाताईंना फोन केला होता. त्यांना विचारलं, दिवाळीत काय आणू? त्या हसल्या. म्हणाल्या, "आणाल ते घेऊ की." पुन्हा विचारलं, पाऊस लागायच्या आधी काय लागतं? मग मात्र भराभर सांगायला लागल्या. छपराला ताडपत्री, मच्छरदाण्या, आणि पावसाळ्यात बाळंतिणीला दवाखान्यात न्यायला गाडी मिळत नाही त्याचं काहीतरी करा. चौदा घरं भट्टीवर जाणार आहेत हेही त्यांच्याकडूनच कळलं.

मीटिंगमध्ये आधी सुमनआजींचा प्रतिसाद वाचून दाखवला. दोन मिनिटं कुणी बोललं नाही, मग खजिनदार बोलले, त्यांना नियमात बसेल का याची चिंता होती. शेवटी सफाई कर्मचारी आणि वॉचमन यांना सोसायटीकडून एका पगाराइतकी पोस्त, हे सर्वानुमते मंजूर. वर्गणी नेहमीप्रमाणे आत्ताच काढायची, कारण बोनस झालेला असताना लोकांचा हात सैल असतो, जूनमध्ये शाळांच्या फिया असतात, तेव्हा कोण देणार? पण त्यातली बहुतेक रक्कम वेगळी ठेवून मे महिन्यात वाडीसाठी खर्चायची. वीस हजार आत्ता एका वसतिगृहाला, कशासाठी ते न सांगता. (रानजाई, व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप, बघा.) बॅनर रद्द. एक काका त्यावरून उठून गेले, येतील परत.

फराळ पूर्ण बंद करायला लोक तयार झाले नाहीत. मीही फार ताणलं नाही. थोडा फराळ वेल्ह्याच्याच बचतगटाकडून विकत घेऊन वाडीवर सगळ्यांनी एकत्र बसून खायचा, असं ठरलं. अभय, तुम्ही म्हणालात तसं मुलंही येतील, दाखल्यांची यादी करायला आठवी-नववीतली चार जणं बसणार आहेत. रक्तदानाचं शिबिर मात्र या वेळी जमत नाहीये, हॉल रांगोळी स्पर्धेला दिलाय.

सीए_सुखदा

उत्तम. मेपर्यंत ठेवायची रक्कम सोसायटीच्या देखभालीच्या पैशांत मिसळू नका. सभेच्या इतिवृत्तात हेतू लिहून घ्या आणि हिशेबात वेगळं शीर्ष ठेवा. नाहीतर एप्रिलमध्ये लिफ्ट बंद पडेल आणि पैसे तिकडे जातील.

रानजाई

व्यनि पाहिला. मोटरवाल्याची उधारी आधी देऊन टाकते.

अभय_डोंबिवली

मस्त. ताडपत्री मेमध्ये घेऊ नका, तोपर्यंत भाव चढतात, जानेवारी-फेब्रुवारीत घ्या. जीएसएम, म्हणजे दर चौरस मीटरमागे ग्रॅममधलं वजन, बघून घ्या, दीडशेच्या खालची एका पावसातच फाटते. कडेला पितळी रिंगा असलेल्याच घ्या, आणि घराचं माप आधी आशाताईंकडून मागवा. सगळ्यांना एकाच मापाची घेतली की निम्म्यांची छपरं उघडी राहतात. भिवंडीतल्या घाऊक दुकानाचा नंबर व्यनि करतो.